कबरीवरचा सब्जा

शब-ए-बरातच्या आधी दोन-चार दिवस आमच्या गावच्या कबरस्तानात साफसफाई चालते. जमातीची पोरे कुदळ-फावडी घेऊन येतात, वर्षभर माजलेले गवत काढतात, पावसाने खचलेल्या कबरींवर माती ओढतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी शहरात शिकून आलेला एक तरुण, मनाने अगदी सरळ, एका जुन्या कबरीवरचे हिरवे रोप उपटायला वाकला. "ये तो तुलसी है, अपने यहाँ कैसी?" असे तो म्हणाला. कबर खोदणारे चाचा बाजूलाच उभे होते. ते ओरडले नाहीत. रोपाचे एक पान चुरगाळून त्यांनी त्याच्या नाकाशी नेले आणि म्हणाले, "सूँघ के देख बेटा, सब्जा है." पोराने वास घेतला, पण उपटायचे ते उपटलेच. त्याचे म्हणणे असे की वास कसलाही असो, दिसायला ती तुळशीसारखी आहे. लोक काय म्हणतील?

त्या 'लोकां'मध्ये दोन्हीकडचे लोक होते, हे आम्हाला घरी येताना उमगले. एक म्हणणार, तुम्ही कबरीवर तुळस लावता, म्हणजे तुमचा इस्लाम कच्चा. दुसरे म्हणणार, तुम्ही बाहेरचे, तुमचे फूल बाहेरचे, तुमची मेंदी बाहेरची. या दोघांच्या मध्ये ते बिचारे वीतभर रोप उभे होते. तेव्हापासून आम्ही आमच्या अंगणातल्या आणि कबरस्तानातल्या झाडांची मुळे शोधायला लागलो. मातीतली नव्हेत, इतिहासातली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात अर्थात सब्जापासून.

त्या पोराची चूक निम्मीच होती. सब्जा म्हणजे तुळस नव्हे, पण तो तुळशीचा सख्खा भाऊ आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचे कूळ एकच, ऑसिमम. तुळस ती ऑसिमम टेन्युइफ्लोरम, सब्जा तो ऑसिमम बॅसिलिकम. तुळशीचे पान लहान, कडा दातेरी, खोडावर बारीक लव. सब्जाचे पान मोठे, गुळगुळीत, चकचकीत. वास गोडसर, थोडा लवंगेकडे झुकणारा. दोन्हीला मंजिऱ्या येतात, दोन्हीवर मधमाश्या बसतात. तुळस बरीच वर्षे टिकते, सब्जा एक-दोन हंगामांत संपतो. सब्जाचे मूळ आशिया-आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातले. म्हणजे तो जितका अरबस्तानचा तितकाच आपल्याकडचा. अरबीत त्याला रैहान म्हणतात. सूरे रहमानमध्ये धान्याच्या जोडीला 'रैहान' हा शब्द येतो, सूरे वाकिआतही येतो. या शब्दाचा अर्थ सुगंधी वनस्पती असाही घेतला जातो. पण अरबी बोलणारा माणूस आजही बाजारात रैहान मागतो तेव्हा त्याला सब्जाचीच जुडी मिळते. कुणी रैहान दिले तर नाकारू नये, कारण ते उचलायला हलके आणि वासाला चांगले असते, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ग्रीसमधले ख्रिस्ती लोक याच रोपाच्या जुड्या क्रुसाच्या सणाला चर्चमध्ये नेतात. एकच वास, मशिदीच्या दाराशी, वृंदावनाच्या शेजारी आणि चर्चच्या पायरीवर.

'सब्जा' हा शब्द फारसी. सब्ज म्हणजे हिरवे. युनानी हकीम त्याच्या बियांना तुख्मे रैहान म्हणत आले. तुख्म म्हणजे बी. फालुद्यात, रमजानच्या सरबतात तरंगणारे काळे दाणे ते हेच. पाण्यात टाकले की काही मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती निळसर पांढरी बुळबुळीत टोपी फुगते. हल्ली दुकानात 'चिया' म्हणून जे महाग मिळते ते वेगळे. ते मेक्सिकोकडचे बी आहे, त्याला फुगायला जास्त वेळ लागतो. पोटाला थंडावा म्हणून चियावर पैसे घालणाऱ्या आमच्या भाच्यांना आम्ही सांगतो, बाबांनो, दर्ग्याच्या दारातल्या फूलवाल्याकडे चौकशी करा.

पण सब्जा कबरीवर कसा आला? याचे उत्तर बुखारी शरीफमध्ये आहे. इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. हजरत पैगंबर (स.) दोन कबरींजवळून जात होते. त्यांनी सांगितले की या दोघांना अजाब होतो आहे, आणि कारणे सांगितली तीही मोठ्या गुन्ह्यांची नव्हती: एक लघवीच्या शिंतोड्यांपासून जपत नसे, दुसरा चहाड्या करीत फिरे. मग त्यांनी खजुराची एक हिरवी फांदी घेतली, मधोमध चिरली आणि दोन्ही कबरींवर एकेक रोवली. या वाळेपर्यंत कदाचित त्यांचा त्रास हलका होईल, असे ते म्हणाले. पुढे बुरैदा अस्लमी (रजि.) या सहाबींनी आपल्या कबरीवर दोन फांद्या ठेवाव्यात अशी वसीयत केली, हेही बुखारीतच आहे.

यावर आलिमांत जुना मतभेद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. खत्ताबींसारखे हदीसचे जाणकार म्हणाले की ती त्या एका प्रसंगाची गोष्ट, सर्वांनी अनुकरण करण्याची नव्हे. हनफी फिकहमधले इब्ने आबिदीन म्हणाले की हिरवी डहाळी ठेवणे चांगले. आम्ही मुफ्ती नाही. कोण बरोबर याचा निवाडा आमच्याकडे नाही. आमचा मुद्दा एवढाच की हा वाद हजार वर्षांहून जुना आहे आणि तो अरबीत झालेला आहे. तुळशीचा त्यात कुठेही संबंध नाही. ज्या पोराने रोप उपटले त्याने खत्ताबींचे नाव घेऊन उपटले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. त्याने शेजाऱ्याचे नाव घेऊन उपटले, हे आम्हाला लागले.

महाराष्ट्रात खजुराची ओली फांदी कुठून आणायची? शिंदीची झाडे आहेत, पण घराघरात नाहीत. आमच्या वाडवडिलांनी अरबस्तानातली गोष्ट ऐकली आणि इथल्या मातीत तिला शोभेल असे हिरवे काय आहे ते पाहिले. लवकर उगवणारे, वास देणारे, ज्याचे नाव कुरआनात आहे असे एक रोप त्यांच्या परसातच होते. त्यांनी ते लावले. आम्ही याला भाषांतर म्हणतो. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या भाषांतराचा सर्वांत ठळक नमुना खुलदाबादला आहे. 1707 मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाचे निधन झाले आणि त्याला खुलदाबादला शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले. ज्याच्या बापाने ताजमहाल बांधला त्याची कबर उघड्या आभाळाखाली, मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी दोनशे वर्षांनी, निजामाच्या राज्यात बसवली गेली. पण मधली माती उघडीच राहिली आणि तिच्यावर सब्जाचे रोप असते. या बादशहाविषयी कुणाचे काय मत असावे हा या लेखाचा विषय नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि अलीकडे तर फारच मोठ्याने बोलतात. आम्हाला त्या कबरीपाशी त्याची थोरली बहीण आठवते. जहाँआरा 1681 मध्ये वारली. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या पायाशी तिची कबर आहे. भोवती संगमरवर आहे, पण कबरीचा माथा पोकळ ठेवून त्यात माती भरलेली आहे. गरिबाच्या कबरीला गवताचे पांघरूण पुरे, हिरवळीखेरीज माझ्यावर काही घालू नका, अशा आशयाचा फारसी शेर तिथे कोरलेला आहे. सत्तेच्या भांडणात ही बहीण त्याच्या विरोधात, दारा शुकोहच्या बाजूने उभी होती. त्या भांडणात भावा-बहिणीचे पटले नाही; हिरवळीच्या बाबतीत मात्र पटलेले दिसते.

सब्जा लावायचा कसा, हे चाचांकडून शिकलो ते सांगून टाकतो, कारण हे कोणी लिहून ठेवत नाही. बी मृगाचा पाऊस पडला की टाकावे. खोल पुरू नये. वरवर भुरभुरून चिमूटभर माती चाळावी. पाण्याची धार सोडली तर फुगलेले बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते, म्हणून पहिले आठ दिवस हाताने शिंपडावे. काळ्या मातीत मुळे कुजतात. तीत थोडी वाळू आणि मुरलेले शेणखत मिसळावे. पाने हवी असतील तर तुरा दिसताच खुडत जावे, रोप घेरदार होते. बी हवे असेल तर दिवाळीनंतर दोन-चार तुरे तसेच वाळू द्यावेत आणि सकाळच्या दंवात कापून कागदावर झाडावेत, भर उन्हात कापले तर निम्मे बी वाटेतच गळते. कबरीवर लावलेल्या रोपाला चाचा खत घालत नसत. का, म्हणून विचारले तर म्हणत, "नीचे खाद है ना." त्यांचा विनोद असाच असे.

आता बोरीकडे वळू, कारण कबरीपर्यंत पोहोचण्याआधी माणूस बोरीच्या पानांतून जातो.

मय्यतीला गुस्ल देताना पाण्यात बोरीचा पाला घालतात. आमच्याकडे कुणी वारले की एक पोरगा खबर द्यायला धावतो आणि दुसरा पाला आणायला. याचाही आधार हदीसमध्ये आहे. पैगंबरांच्या कन्येच्या गुस्लच्या वेळी पाणी आणि सिद्र वापरा, शेवटच्या वेळी कापूर घाला, असे त्यांनी सांगितल्याचे उम्मे अतिय्या (रजि.) कथन करतात. सिद्र म्हणजे बोरीच्या जातीचे झाड. अरबस्तानातली सिद्र ही झिझिफस स्पायना-क्रिस्टी, आपली बोर ही झिझिफस मॉरिशियाना. पुन्हा दोघी बहिणी. पाल्यात साबणासारखा गुण असतो. पाने पाण्यात चुरून घुसळली तर फेस येतो. साबण नव्हता तेव्हा डोके धुण्याचे हे साधन होते. सातव्या आस्मानाच्या पलीकडे ज्या झाडापाशी मेराजच्या रात्री सीमा आली तेही सिद्रच, सिद्रतुल मुंतहा. सूरे नज्ममध्ये त्याचा उल्लेख आहे. गावाबाहेरच्या बांधावरचे काटेरी झुडूप आणि आस्मानाच्या टोकाचे झाड, दोघांचे नाव एकच.

आणि याच महाराष्ट्रात संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहान मुलांचे बोरन्हाण होते. पाटावर बाळाला बसवायचे, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओतायचे. भोवतीच्या पोरांनी ते लुटायचे. लहानपणी शेजारच्या वाड्यात आम्हीही बोरन्हाण लुटले आहे. त्या घरातल्या काकू आम्हाला मुद्दाम हाक मारीत, कारण लुटायला पोरे जास्त असली की शोभा वाढते. त्याच काकूंच्या परसातली बोर होती, जिचा पाला आमच्या दादीच्या गुस्लला आला. रात्री दोन वाजता कंदील धरून त्यांनी स्वतः फांदी वाकवून दिली होती. एकीकडे आयुष्याच्या सुरुवातीचे स्नान, दुसरीकडे शेवटचे, आणि झाड एकच. हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही, त्या रात्री पाहिलेले आहे.

ती बोर आता नाही. वाडा पाडला, इमारत झाली. हल्ली पाला शोधत मोटारसायकलवर गावाबाहेर जावे लागते. निर्जन वाटेवरची सिद्र, जिच्या सावलीत वाटसरू आणि जनावरे बसतात, ती विनाकारण तोडणाऱ्याला सुनन अबू दाऊदमध्ये सक्त ताकीद आहे. आमचे म्हणणे, प्रत्येक जमातीने कबरस्तानाच्या कुंपणाला दोन तरी बोरी लावाव्यात. फार देखभाल लागत नाही. बी पेरून रोप केले तरी चालते. फळ चांगले हवे तर जंगली रोपावर उमराण किंवा जळगावकडच्या मेहरूणचा डोळा भरून घ्यावा. बोर उन्हाळ्यात पाने टाकून विश्रांती घेते, तेव्हा एप्रिल-मेमध्ये तिची छाटणी करावी. फळ नव्या फुटीवर लागते. छाटणी केली नाही तर झाड नुसते वाढते आणि बोरे गोळीएवढी राहतात.

आता ज्यांना आपण अगदी 'इथले' मानतो त्यांच्याविषयी.

आमच्या कबरस्तानाच्या मधोमध खैरचाफ्याचे एक म्हातारे झाड आहे. हिवाळ्यात पाने गळाली की हत्तीच्या सोंडांसारख्या करड्या फांद्या उरतात. मग उन्हाळ्यात, पान नसताना, टोकांना पांढरी फुले येतात आणि कबरींवर पडतात. गावातल्या महादेवाच्या देवळापुढेही असेच झाड आहे. इंग्रजांनी त्याला 'टेंपल ट्री' हेच नाव दिले. श्रीलंकेत ते बौद्ध विहारात असते, मलेशिया आणि इंडोनेशियात मुसलमानांच्या कबरस्तानात. उर्दूत त्याला गुलचीन म्हणतात. गुलचीनचा सरळ अर्थ फुले वेचणारा, पण काही लोक तो 'चीनचे फूल' असा लावतात. ते चीनचे नाही, भारताचे नाही, अरबांचेही नाही. खैरचाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचा. कोलंबसाने 1492 मध्ये समुद्र ओलांडला नसता तर ना आमच्या कबरींवर ही फुले पडली असती, ना महादेवाच्या पिंडीवर. प्लुमेरिया हे त्याचे शास्त्रीय नाव शार्ल प्लुमिए (1646–1704) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले.

हे झाड सगळ्यांनी आपापल्या पवित्र जागी का नेले याचे कारण त्याच्या फांदीत आहे. तोडून टाकलेली फांदी आठवडेच्या आठवडे नुसती पडून राहिली तरी मरत नाही, कधी कधी तशीच फुलते. जमिनीत खोवली की पुन्हा झाड. मरणावर मात करणारे झाड म्हणून ते देवळात गेले, विहारात गेले, कबरस्तानात गेले. लावताना एकच पथ्य: हातभर फांदी कापली की चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी, मगच लावावी आणि पाणी बेताने द्यावे. लगेच ओल्या मातीत खोवली तर बुंधा सडतो. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

झेंडूचेही तसेच. दसऱ्याच्या तोरणात झेंडू, उरुसाच्या फुलांच्या चादरीत झेंडू, लग्नाच्या मांडवात झेंडू. हाही मेक्सिकोचा. इंग्रजीत त्याला 'आफ्रिकन मॅरिगोल्ड' म्हणतात, ते तर साफच चूक. मेक्सिकोच्या जुन्या नाव्हात्ल भाषेत त्याचे नाव 'वीस फूल' अशा अर्थाचे आहे, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे. आपल्याकडे मोठ्या जातीला हजारी म्हणतात. त्यांनी वीस मोजल्या, आम्ही हजार. आणि मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरींवर झेंडूचे ढीग घालतात आणि घरापर्यंत पाकळ्यांची वाट आखतात, म्हणजे गेलेल्यांना घर सापडावे. शब-ए-बरातला आमच्याकडे जे चित्र दिसते त्याच्या किती जवळ!

परदेशी झाडे ज्या गोव्याच्या बंदरातून आली त्या गोव्यात सोळाव्या शतकात एक वैद्य राहत होता. त्याची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गार्सिया द ओर्ता 1534 मध्ये पोर्तुगालहून गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हान निजामशहाशी त्याचे मैत्र होते. त्याच्या दरबारात तो औषधोपचार करी आणि तिथल्या मुसलमान हकिमांशी औषधी वनस्पतींविषयी तासन्‌तास बोले. त्या बोलण्यातून आणि स्वतःच्या पाहण्यातून त्याने संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. हिंदुस्थानातल्या औषधी आणि झाडांवरचा युरोपीय भाषेतला हा पहिला मोठा छापील ग्रंथ. त्यात आपला पारिजातक आहे. त्याच्या केशरी देठांचा रंग अन्नाला केशराऐवजी देतात हेही आहे. ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती झालेला. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल इन्क्विझिशनने जिवंत जाळले. 1580 मध्ये ओर्ताची कबर उकरून त्याची हाडे काढली आणि जाळली. ज्याने या मातीतली झाडे जगाला सांगितली त्याला या मातीत कबरही ठेवू दिली नाही. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. त्याचा गुन्हा एवढाच ठरला की तो पुरेसा 'त्यांच्यातला' नव्हता.

बाबराची गोष्ट उलटी. 1526 मध्ये जिंकलेल्या हिंदुस्थानात त्याला काहीच आवडले नाही. खरबुजे नाहीत, वाहते पाणी नाही, बागा नीट नाहीत अशी त्याची तक्रार बाबरनाम्यात आहे. पण फुलांपाशी त्याचा सूर बदलतो. जास्वंद, कण्हेर, केवडा, चमेली यांची तो जवळून पाहून वर्णने करतो. 1528 मध्ये तो ग्वाल्हेरला गेला तेव्हा एका बागेत त्याला गडद लाल कण्हेर दिसली. इतर ठिकाणची कण्हेर फिकट गुलाबी, ही वेगळी. त्याने तिची रोपे आग्र्याला नेऊन आपल्या बागांत लावली. तक्रार करणारा परदेशी माणूस एका इथल्या फुलासाठी थांबतो आणि रोप बांधून घेतो, तिथे तो थोडा इथला होतो, असे आम्हाला वाटते. कण्हेर घरी लावणाऱ्यांना मात्र इशारा: तिचे पान, फूल, मूळ सगळे विषारी आहे. लहान मुले आणि शेळ्या असलेल्या घरात नकोच. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती वेगळ्या जातीची आणि तीही मेक्सिकोची. तिचे बी तर अधिकच घातक.

मेंदीविषयी थोडक्यात, कारण तिच्याविषयी सगळ्यांनाच सगळे माहीत असते. उत्तर आफ्रिकेपासून हिंदुस्थानपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात ती पूर्वापार आहे. मिसरच्या ममींच्या केसांवर तिचा रंग सापडला. लिनियसने 1753 मध्ये तिला लॉसोनिया इनर्मिस नाव दिले. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र. या साहेबाने जुने कुंपण कापलेले दिसत नाही. मेंदीच्या म्हाताऱ्या फांद्यांना चांगले काटे येतात. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या काड्या एका ओळीत खोवल्या की कुंपण तयार. रंगासाठी कोवळी पाने सावलीत वाळवावीत; उन्हात वाळवली की रंग फिका पडतो. ईदच्या आदल्या रात्री बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जे कोन मिळतात त्यांपासून पोरींना दूर ठेवा. मेंदी काळी नसते. त्यात केसांच्या रंगातले पीपीडी नावाचे रसायन घातलेले असते आणि त्याने हात भाजल्यासारखे होतात. मेंदीच्या फुलांपासून अत्तर होते हे आताच्या पिढीला सांगावे लागते. हिनाचे अत्तर ते हेच.

कबरस्तानाच्या भिंतीच्या फटींत सदाफुली उगवते, तिचीही नोंद करायला हवी. ती मादागास्करची. 1950 च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत तिच्या पानांतून कर्करोगावरची औषधे निघाली. त्यांतल्या विनक्रिस्टीनने रक्ताचा कर्करोग झालेली असंख्य मुले वाचली. म्हणून कुणी घरी पाने चघळू नयेत; औषध आणि विष यांत तिथे फार थोडे अंतर आहे.

एवढे सगळे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे बाहेरून आलेले सगळे चांगलेच का? नाही. गाजर गवत पाहा. 1955 च्या सुमारास ते पुण्यात लक्षात आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले, चटकचांदणी म्हटले. ते कुणाला शेजारी उगवू देत नाही, जनावर त्याला तोंड लावत नाही, माणसाला त्याने खाज येते, दमा उठतो. तेही उष्ण अमेरिकेतलेच, म्हणजे चाफ्याच्या आणि झेंडूच्याच मुलखातले. त्याच्यावर उतारा म्हणून 1984 मध्ये जो भुंगा सोडला गेला तोही मेक्सिकोहून आणलेला. एकाच मुलखातून कबरीवरचे फूल आले, दमा आणणारे तण आले आणि त्या तणाला खाणारा किडाही आला. झाडाचा पासपोर्ट बघून त्याचे वागणे कळत नाही; ते शेजाऱ्याशी कसे राहते ते पाहावे लागते. साफसफाईच्या दिवशी पोरांनी उपटायला हवे होते ते हे. हातमोजे घालून, फुलोरा येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. त्या सकाळी ते भिंतीकडेला कमरेएवढे माजले होते. त्याला कुणी हात लावला नाही, कारण ते तुळशीसारखे दिसत नव्हते.

चाचा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर जमातीच्या बैठकीत कबरस्तानातल्या सगळ्या वाटांवर आणि कबरींच्या मधल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले. चिखल होतो, मय्यत नेताना पाय घसरतात, हे खरेच होते. काही घरांनी कबरीही सिमेंटने बांधून घ्यायची तयारी केली. कबर पक्की बांधायला हदीसमध्ये मनाई आहे, हे तिथे एका वृद्ध हाफिजसाहेबांनी उठून सांगितले, तेव्हा कुठे कबरींची माती वाचली. पण ब्लॉक झाले. चाफ्याच्या बुंध्याभोवती आम्ही भांडून चार फुटांचे आळे राखून घेतले.

काम सुरू होण्याआधी आम्ही चाचांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलाने एक तंबाखूची जुनी डबी काढून दिली. आत सब्जाचे बी होते, मागच्या दिवाळीनंतर झाडलेले. त्यातले निम्मे या मृगात चाचांच्या कबरीवर टाकले, निम्मे ठेवले आहे. कबर भिंतीला लागून आहे आणि भिंतीपलीकडच्या घराच्या गच्चीवर तुळशीच्या कुंड्या आहेत. वाऱ्याने त्यांच्या मंजिऱ्या इकडे पडतात. परवा पाऊस उघडल्यावर जाऊन पाहिले. मातीत हिरवे ठिपके उठले आहेत. अजून दोन-दोन पानेच आहेत. त्यांत सब्जा कुठला आणि तुळस कुठली, ते आमच्या डोळ्यांना ओळखू येत नाही.